साहेबबाबाच्या शेजारचं नाव

आत्माराम गुरुजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी छापखान्यात एका लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवत उभा होतो. तापीकाठच्या प्रकाशा गावाहून कापसाच्या गाड्या घेऊन नंदुरबारच्या सरकी काढायच्या जिनात आलेला त्यांचा चुलतभाऊ दारात थांबला आणि त्यानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी?" त्यानं मान हलवली. "आज सकायमा गयात. चहा मांगा, चहा येस तोपावत गयात." एवढं बोलून तो तिथंच उंबऱ्यावर बसला. मीही यंत्र थांबवून त्याच्याजवळ जाऊन बसलो. समोरून जिनाकडे जाणाऱ्या गाड्या नेहमीसारख्याच चालल्या होत्या.

त्याला आता काही आठवडे झाले. या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी गुरुजींचं नाव ऐकलं असेल. त्यांनी उभ्या आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि ते माझ्यासारख्या लहानशा छापखानदारानं छापलं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ते कधी गेलं नाही. पण त्या एका पुस्तकानं आमच्या मुलखात जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही धुळ्याला एका वर्गात शिकलो. पुढे मी काकांच्या छापखान्यात चिकटलो आणि आत्माराम प्राथमिक शाळेचा मास्तर झाला. आमचं वय सारखंच, पण त्याला पहिली नेमणूक मिळाली तेव्हा मी थट्टेनं "गुरुजी" म्हटलं आणि ते नाव कायमचं बसलं. थट्टा कधी संपली आणि मी ते मनापासून म्हणायला कधी लागलो, हे मलाही सांगता येणार नाही. उंच, किडकिडीत बांध्याचा, हळू बोलणारा माणूस. वर्गात छडी नसायची. कोणी मूल चुकलं तर हे त्याच्याकडे इतक्या कुतूहलानं बघायचे, की चूक करून आपण काही नवीनच शोध लावला असं त्या मुलाला वाटावं.

कोरीट गावाकडून तापीच्या उताराकडे, म्हणजे नदी पायी ओलांडतात त्या जागेकडे, जाणारी एक जुनी गाडीवाट आहे. त्या वाटेवर एका थोरल्या चिंचेखाली एका गोऱ्या साहेबाची कबर आहे. कंपनी सरकारच्या काळात तो इथं वारला. कबरीवर इंग्रजीत कोरलेला दगड आहे: या मुलखातल्या दरोडेखोरांना शासन करताना त्यानं देह ठेवला, अशा अर्थाचा. आजूबाजूच्या गावांतल्या बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चौथरा आहे, दगड आहे, वर सावली आहे, म्हटल्यावर लोक नारळ फोडू लागले. गुरं आजारी पडली, मूल रडरड करायला लागलं, की "साहेबबाबाले नारय फोडी या" असं म्हणत. मी लहानपणी आईबरोबर तिथं गेलेलो आहे. त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

गुरुजींनाही वाटलं नसावं. त्यांची थोरली मुलगी तापानं फणफणली तेव्हा काशीवहिनी, म्हणजे गुरुजींची बायको, तिला कडेवर घेऊन नवस बोलायला गेल्या. बरोबर गुरुजी होते आणि मीही होतो. नारळ फोडून झाला. वहिनींनी खोबऱ्याचे तुकडे केले, आणि मग कबरीवरून नजर काढून वर चिंचेच्या फांद्यांकडे बघितलं. तिथल्या म्हाताऱ्या सांगायच्या, की साहेबाच्या माणसांनी त्या दिवशी याच झाडाला डोंगरातल्या भिल्लांना टांगलं होतं. वहिनी सहज बोलल्यासारख्या बोलल्या, "साहेब मरना, त्यानी समाधी शे. ज्यास्ले या झाडले टांगं, त्या कोठे शेतस?"

गुरुजींनी मुलीला वहिनींकडून आपल्याकडे घेतलं. परतीच्या वाटेवर ते भरभर पुढे चालत राहिले. मला वाटलं, मुलीच्या काळजीत असतील. पण पुढच्या आठवड्यात ते छापखान्यात आले ते तोच प्रश्न घेऊन. शाळेत ते जे इतिहासाचं पुस्तक शिकवायचे त्यात या भागाबद्दल मोजक्या ओळी होत्या: डोंगरातले भिल्ल दंगेखोर होते, साहेबांनी त्यांना शांत केलं आणि शेतीस लावलं. ते म्हणाले, "मी दर साल हाई पोरेस्कडून पाठ करी लेस. त्यामा बी त्यासनं नाव नही."

मग त्यांनी ती नावं शोधायला सुरुवात केली. सुटीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. जुनी छापील सरकारी वर्णनं कोणाकोणाकडून मिळवून वाचली. साहेबाचा जन्म कुठला, शाळा कुठली, तो शिकार कसली करायचा, सगळं सापडलं. टांगलेल्यांबद्दल मात्र एवढंच, की "काही भिल्ल लुटारूंस जागीच फाशी देण्यात आले". काही म्हणजे किती, तेही नाही. कचेरीतल्या एका भल्या कारकुनानं त्यांना समजावलं, "गुरुजी, जे लिहिलंच नाही ते मी कुठून काढून देऊ?"

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा खचून आले असतील असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं. बाकावर बसले आणि म्हणाले, "शंकरभाऊ, इतिहास लिखाले कागद लागस, आनि कागद बठ्ठा साहेबना कपाटमा शे. म्हनीसन मी कादंबरी लिखस."

मी हसलो. मास्तर माणूस, पगार तुटपुंजा, घरी दोन लेकरं, आणि कादंबरी! त्यांनाही हसू आलं. पण ते लिहायला बसले.

टांगलेल्यांपैकी एकाला त्यांनी नाव दिलं, दित्या. डोंगरात रविवारी जन्मलेल्या मुलाचं नाव पुष्कळदा दित्या ठेवतात. कुठल्याही पाड्यावर जा, एखादा दित्या भेटतोच. मी त्यांना म्हटलं, एखादं भारदस्त नाव ठेवा, नायक आहे ना. ते म्हणाले, ज्याचं नाव पुसलं गेलं तो कोणीही असू शकतो, म्हणून कोणाचंही असू शकेल असंच नाव हवं.

पहिला खर्डा त्यांनी मला आणि वहिनींना ओट्यावर बसवून वाचून दाखवला. मला तो झकास वाटला. दित्या घोड्यावर बसून येत होता, मिशीला पीळ भरत होता, आणि फिरंग्याला उद्देशून लांबलचक, अलंकारिक भाषण करत होता. वहिनी तांदूळ निवडत होत्या. भाषण संपल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "हाऊ तर नाटकमातला राजा शे वो! डोंगरना मानूस असा बोलस का?" गुरुजी क्षणभर गोंधळले. मग तेही हसायला लागले आणि हातातल्या कागदांकडे बघत राहिले. तो खर्डा त्यांनी चुलीत घातला. पुष्कळ लेखकांचे कागद मी छापले आहेत, पण स्वतःचं लेखन इतक्या आनंदानं जाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर पुढची कित्येक वर्षं ते प्रत्येक सुटीत सातपुड्यात जात राहिले. अक्राणीच्या बाजूला, तोरणमाळच्या वाटेवर, जिथं पाय नेतील तिथं. सुरुवातीला लोक त्यांना बघून झाडीत निघून जात. धोतर-टोपीतला माणूस म्हणजे सरकारचा, नाहीतर सावकाराचा. हळूहळू एखादा पाडा त्यांना ओळखू लागला. होळीच्या आधीच्या बाजारात त्यांनी ढोलाचा आवाज ऐकला, कोणाच्या अंगणात नागलीची भाकरी खाल्ली, बोली अर्धीमुर्धी शिकले. कथा विचारल्या तर लोक गप्प बसत, म्हणून त्यांनी विचारणं सोडून दिलं. फक्त बघायचं, चालायचं. आणि चालता चालताच, सोबतच्यांच्या सहज बोलण्यातून, त्यांना एक गोष्ट कळली, जी कुठल्याही दप्तरात नव्हती. डोंगरातून तापीच्या उताराकडे येणारी वाट पूर्वी तिथल्याच लोकांच्या राखणीत होती. ये-जा करणाऱ्यांना ते सांभाळून नेत आणि त्याबद्दल त्यांचा ठरलेला हक्क त्यांना मिळे. कंपनीनं तो हक्क काढून घेतला. काल जो वाटेचा राखणदार होता, तो एका हुकुमानं दरोडेखोर झाला. दित्या उतारावर लुटायला आला नव्हता, तो आपल्या वाटेवर आला होता, असं गुरुजी मला म्हणाले.

कादंबरी छापायला आली ती तिसाच्या सालच्या कायदेभंगानंतरच्या धामधुमीत. छापखान्यांवर सरकारची करडी नजर होती. काही आक्षेपार्ह छापलं तर यंत्राला कुलूप लागायला वेळ लागत नसे. मी हस्तलिखित घरी नेलं, म्हटलं आधी वाचून बघू. वाचून झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पान जुळवायला घेतलं. मी जातीनं अक्षरांचे खिळे जुळवले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. दित्या हे नाव इतक्या वेळा यायचं, की अर्ध्या 'त'चे खिळे संपून जायचे. मग तेवढी पानं छापून, खिळे सोडवून, पुन्हा पुढची पानं. माझ्या खणांमध्ये त्या अक्षराला इतकं काम कधीच पडलं नव्हतं.

शेवटच्या प्रकरणात चिंचेखाली सगळे उभे आहेत. साहेबाला तापानं घेरलेलं, तो खुर्चीत जेमतेम बसला आहे. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, परमुलखात एकटा, आईच्या आठवणीनं व्याकुळ झालेला. गुरुजींनी त्याला राक्षस केलं नाही. कारकून दौत-टाक घेऊन पुढे होतो आणि दित्याला विचारतो, "नाव?" दित्या आपलं नाव सांगतो. बापाचं सांगतो. आईचंही सांगतो. कारकून टाक दौतीत बुडवतो, तेवढ्यात साहेब हात वर करून म्हणतो, "त्याची गरज नाही." टाकाच्या टोकावरचा शाईचा थेंब कोऱ्या कागदावर पडतो. बस्स, तिथं कादंबरी संपत होती. ते पान जुळवताना माझे हात थांबले होते, हे मी कबूल करतो. मी इतकी वर्षं अक्षरांचा धंदा करतो, पण न लिहिलेल्या अक्षराचं वजन मला त्या दिवशी कळलं.

पुस्तक निघालं आणि काही महिन्यांनी गुरुजींना बोलावणं आलं. थंडीचे दिवस होते, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली होती. जवळच्या आमराईत प्रांतसाहेबांचा तंबू पडला होता. छापखाना माझा, म्हणून मलाही हजर राहायला सांगितलं होतं. बाहेर घोड्यांची खिंकाळी, सौदागरांचा गलका, आणि आत टेबलावर आमचं पुस्तक. प्रांतसाहेब तरुण होता, मराठी शिकलेला. बाजूला एक देशी अंमलदार उभा होता, त्याला साहेबापेक्षा जास्त राग आलेला दिसत होता.

"मास्तर," तो अंमलदार म्हणाला, "सरकारचं मीठ खाता आणि दरोडेखोराला हुतात्मा करता?"

साहेबानं हातानंच त्याला थांबवलं. पुस्तकी मराठीत, एकेक शब्द तोलत त्यानं विचारलं, "हा दित्या कोण आहे? मी दप्तर पाहिले. या नावाचा इसम दप्तरात नाही."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, मी तेच लिहिलं आहे."

"म्हणजे हे असत्य आहे."

"नाव माझं आहे, ते मी कल्पनेनं ठेवलं. सरकारकडे खरं नाव असेल तर सरकारनं द्यावं. पुढच्या आवृत्तीत मी दित्या काढून ते छापीन."

मी माझ्या आयुष्यात सरकारला कोंडीत सापडलेलं एवढं एकदाच पाहिलं. खरं नाव द्यावं तर ते नाही. नाही म्हणावं तर नाव न विचारता माणूस टांगला हे कबूल होतं. साहेबानं पुस्तकाची पानं चाळली, बोट एका ठिकाणी ठेवलं आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "इथे तो कबरीतला साहेब तापात आपल्या आईला हाक मारतो. हे तुम्हांस कसे ठाऊक?"

"ठाऊक नाही साहेब. पण त्यालाही आई असणारच, असं मी धरून चाललो. दित्याबद्दल लिहिताना तुमच्या लोकांनी तेवढं धरलं नाही."

साहेबाच्या चेहऱ्यावरचा रंग पालटला. राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. त्यानं पुस्तक मिटलं आणि आम्हाला जायला सांगितलं. पुस्तकावर बंदी आली नाही, माझ्या यंत्रालाही कुलूप लागलं नाही. पण त्या अंमलदारानं आपलं काम केलं. थोड्याच दिवसांत गुरुजींना वरून निरोप आला, की पुस्तक चुकून लिहिलं गेलं आणि दित्या हा लुटारूच होता असं लिहून द्यावं, नाहीतर नोकरी सोडावी.

मी त्यांना म्हटलं, लिहून द्या गुरुजी. एक कागद काय, पुस्तक तर राहतंय. लेकरांकडे बघा. ते काही बोलण्याआधी वहिनी आतून बाहेर आल्या. पोळपाट-लाटण्याचं पीठ तसंच हाताला होतं. म्हणाल्या, "एकडाव त्यानं नाव साहेबनी लिखू दिधं नही. आते तुम्ही खोडतस का?" गुरुजींनी दुसऱ्या दिवशी शाळेच्या किल्ल्या परत केल्या.

ते कुटुंब प्रकाशाला आलं. वहिनींच्या माहेरचा नदीकाठचा एक तुकडा होता, तिथं कापूस लावू लागले. गुरुजी ओट्यावर मुलांना शिकवत, पण शेत खऱ्या अर्थानं वहिनींनी उभं केलं. ओढगस्तीची वर्षं होती ती. पुस्तकाच्या प्रती माझ्याकडे गठ्ठ्यांनी पडून होत्या. मला वाटायचं, एवढं सोसून काय झालं? कोण वाचतंय?

वाचत कोणी नव्हतंच. पण ऐकत होते. कापूस वेचायला दर हंगामात डोंगरातून बायका खाली येत. वेचता वेचता काशीवहिनी त्यांना गोष्ट सांगत. गुरुजींच्या पुस्तकातली, पण अहिराणीत, आपल्या शब्दांत. एक सरी संपेपर्यंत थोडी, दुसऱ्या सरीला पुढची. मी एकदा बांधावर उभा राहून ऐकली आहे. पांढऱ्या शेतात वाकलेल्या बायका, हात चालू, आणि मधूनच सगळ्यांचे हात एकदम थांबत... मला ठाऊक असायचं, गोष्ट कुठं आली आहे ते. अशाच एका हंगामात ठुमी नावाच्या बाईनं ती ऐकली. हंगाम संपला तशी ती वर गेली आणि तिनं ती आपल्या आईला सांगितली. छापखान्यातून जे पुस्तक टांग्याभरही हललं नाही, ते असं पायी चालत सातपुडा चढलं.

पुढच्या वर्षी ठुमी आली ती आईला घेऊन. वेस्ती तिचं नाव. पार थकलेली, केस पांढरे, डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा. काठी टेकत, मुक्काम करत ती डोंगरातून प्रकाशापर्यंत चालत आली होती. योगायोगानं मी त्या दिवशी तिथं होतो. ओट्यावर या म्हटलं तर आली नाही, अंगणात निंबाखाली बसली. वहिनींनी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तिनं आपल्या बोलीत विचारलं आणि ठुमीनं आम्हाला सांगितलं, "माय इचारस, ती गोट कोनी लिखी?"

गुरुजी पुढे होऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. शेवटचं सांग, असं ती म्हणाली. गुरुजींनी पुस्तक आणलं नाही. तोडक्यामोडक्या भिलीत, अडेल तिथं ठुमीची मदत घेत, त्यांनी चिंचेखालचं सगळं सांगितलं. नाव विचारलं, नाव सांगितलं, लिहिलं नाही. म्हातारीचा चेहरा जराही हलला नाही. गोष्ट संपली. नदीवरून वारा येत होता. मग ती बोलू लागली, आणि ठुमी एकेक वाक्य आमच्यासमोर ठेवत गेली.

"माय म्हनस, तो आमना मानूस. त्यानं नाव दित्या नही व्हतं."

गुरुजी पुढे सरकले. "काय व्हतं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांचा त्यांचा शोध त्या दोन शब्दांत होता.

म्हातारीनं नकारार्थी मान हलवली. ठुमी म्हणाली, "ते नाव आम्ही त्याना दगडजोडेच लेतस. दुसरीकडे नही. कोनलेच सांगतस नही."

म्हणजे त्याचा दगड होता! वर, डोंगरात, त्यांच्या पूर्वजांच्या आठवणीसाठी उभारलेल्या दगडांमध्ये. ज्याला शोधायला गुरुजींनी कचेऱ्या पालथ्या घातल्या, पाड्यापाड्यावर जाऊन जो त्यांना कळला नाही, तो कधी हरवलेलाच नव्हता. त्याच्या माणसांनी त्याला आणि त्याच्या नावाला इतकी वर्षं आपल्यात जपून ठेवलं होतं. साहेबाला ते मिळालं नाही, कारकुनाला नाही, आणि आम्हालाही नाही. मी छपाईचा माणूस, मला वाटायचं जे छापलं जात नाही ते संपतं. त्या अंगणात माझी ती समजूत गळून पडली.

गुरुजींनी हात जोडले. "आजी, मी चुकीचं लिहिलं. तुम्ही म्हणाल तर दित्या काढून टाकतो."

ठुमीनं सांगितलं. म्हातारी हसली. तिचं बोलणं ठुमीनं आमच्यापर्यंत पोचवलं ते जसंच्या तसं माझ्या कानात आहे: "नका काढू. तुमनं नाव बाहेर ऱ्हाऊ द्या. आमनं नाव आमनाजोडे ऱ्हाई. बाहेरनास्ले बी काही नाव पाहिजे ना, त्याले बोलावाले."

मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, एक राहिलं आहे तुझ्या गोष्टीत. त्याला टांगून साहेबाचे लोक गेले. नंतर झाडावरून कोणी उतरवलं ते तू सांगितलं नाहीस. बायकांनी उतरवलं. उजाडता उजाडता त्या आल्या. माझ्या आईची आई त्यांच्यात होती. खांद्यावर घेऊन त्यांनी त्याला डोंगरात नेलं.

जुने गठ्ठे तसेच ठेवून आम्ही दुसरी आवृत्ती काढली आणि तीत गुरुजींनी एवढाच बदल केला. शाईचा थेंब कागदावर पडतो, त्याच्याखाली एक ओळ: 'उजाडता उजाडता बायका आल्या.' बाकी एक अक्षर हलवलं नाही. ती ओळ जुळवून मी पुस्तक पुन्हा छापलं. तोवर गोष्ट गावोगाव पसरली होती, त्यामुळे या वेळी मात्र ते विकलं गेलं.

स्वराज्य आलं. गावोगाव झेंडे लागले, आणि काही उत्साही मंडळी साहेबबाबाची कबर फोडायला निघाली. सोबत घ्यायला म्हणून आधी गुरुजींकडे आली. गुरुजी तेव्हा दम्यानं बेजार होते, तरी गाडीत बसून चिंचेपर्यंत आले. मंडळींनी घण आणले होते. गुरुजी चौथऱ्यावर बसले आणि म्हणाले, "फोडू नका भाऊसाहेब. साहेब आठे मरना हाई खरंच शे. तो एकलाच मरना, हाई खोटं शे." लोक घुटमळले. शेवटी असं ठरलं, की कबरीशेजारी दुसरा दगड लावायचा आणि त्यावर नाव कोरायचं, दित्या. ठुमीकडून वर डोंगरात विचारून घेतलं. वरून निरोप आला, लावा, आमचा आमच्याकडे आहे.

तो दगड बसवला त्या दिवशी सभा झाली. एका पुढाऱ्यानं जोरदार भाषण केलं आणि दित्याला "रानटी पण शूर वीर" म्हटलं. टाळ्या पडल्या. गुरुजी काठीला धरून उभे राहिले. धाप लागत होती, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "रानटी हा शब्द साहेबाचा आहे. साहेब गेला. जाताना तो शब्द आपल्या तोंडात ठेवून गेला. तोही आज इथं पुरून टाकू या." पुढारी ओशाळला. सभेच्या कडेला डोंगरातून आलेली माणसं बसली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त पाहिलं गुरुजींकडे. मी त्या नजरेसाठी शब्द शोधतो आहे, अजून सापडला नाही.

आता त्या चिंचेखाली लोक दोन नारळ फोडतात. एक साहेबबाबाचा, एक दित्याबाबाचा. कल्पनेतून आलेल्या एका माणसाला आज गावं नवस बोलतात, आणि त्याच्या आडोशाला खऱ्या माणसाचं नाव डोंगरात सुरक्षित आहे. इतिहासाच्या कपाटाला कुलूप असेल, तर गोष्ट सांगणारा माणूस भिंतीलाच दार पाडतो, हे मी गुरुजींकडून शिकलो.

मागच्या आठवड्यात वहिनींना भेटायला प्रकाशाला गेलो होतो. कापसाचा हंगाम आहे. ओट्यावर टेकलो तेवढ्यात अंगणात एक अनोळखी बाई आली, पाठीवर मूल बांधलेली, वेचणीचं काम आहे का विचारत. वहिनी उठल्या. दुःखानं त्या खूप वाळल्या आहेत. काम आहे की नाही, रोज काय देणार, यातलं काही बोलण्याआधी त्यांनी विचारलं, "नाव काय बहीन तुन्हं?"

बाईनं पुटपुटल्यासारखं काही सांगितलं.

"मोठा आवाजमा सांग. मायनं बी नाव सांग."

बाई चकित होऊन बघत राहिली. मग तिनं आपलं नाव सांगितलं, आईचं सांगितलं. वहिनींनी दोन्ही नावं स्पष्ट, सावकाश, पुन्हा उच्चारली आणि बाईकडे बघितलं, बरोबर आहे ना अशा नजरेनं. बाईनं मान डोलावली. तेव्हा कुठं वहिनी पाण्याचा तांब्या आणायला आत वळल्या. दारात माझ्याजवळ जरा थांबल्या आणि हलकेच म्हणाल्या, "गुरुजी असंच करेत. दारमा कोनी बी येवो."